खाणीचं पाणी आणि पाणथळ : झाडं लावण्याआधी बाटली भरा

बंद खाणीच्या तोंडातून झिरपणारं पाणी पहिल्या भेटीत हमखास फसवतं. ते काचेसारखं नितळ दिसतं, पीएच मीटर साडेसहा दाखवतो आणि सोबतचं कुणीतरी म्हणतंच, "यात वाईट काय आहे?" अशा वेळी एक पारदर्शक बाटली त्या पाण्याने अर्धी भरा, जोरात हलवा आणि झाकण सैल करून खिडकीत ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी तळाशी नारिंगी गाळ बसलेला असतो, आणि कधीकधी पीएच साडेतीनवर आलेला असतो. पाणी बाहेरून कुणी बिघडवलेलं नसतं. बिघाड आधीपासून आतच विरघळलेला असतो, हवा लागल्यावर तो दिसू लागतो एवढंच.

असं पाणी शुद्ध करायला कृत्रिम पाणथळ, म्हणजे चिखल आणि पाणवनस्पतींचं उथळ तळं, बांधायचं असेल तर सुरुवात या बाटलीपासून करा. बहुतेक जण सुरुवात झाडांपासून करतात. पाणकणीस कुठून आणायचं, कर्दळ चालेल का, वाळ्याने धातू शोषले जातात का, हे प्रश्न मला नेहमी विचारले जातात. खरं तर वनस्पती मुळांवाटे जे धातू उचलतात त्यांचं प्रमाण एकूण भाराच्या मानाने नगण्य असतं. काम होतं ते चिखलात, जिवाणूंकडून, चुनखडीकडून आणि पाणी तिथे किती वेळ थांबतं यावर. झाडं लागतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. ती पुढे येतील.

आधी रसायन, थोडक्यात

कोळशात आणि धातूंच्या खनिजांत पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक यांचं संयुग. खोदकामामुळे त्याला हवा आणि पाणी मिळालं की त्यातून सल्फेट, आम्ल आणि विरघळलेलं फेरस लोह सुटतं. फेरस लोह डोळ्यांना दिसत नाही. प्राणवायू मिळाल्यावर त्याचं फेरिक होतं, ते नारिंगी गाळ होऊन खाली बसतं आणि बसताना पुन्हा आम्ल सोडतं.

एक आकडा पाठ असू द्या. १ मिलिग्रॅम फेरस लोह गाळ होऊन बसताना पाण्यातली सुमारे १.८ मिलिग्रॅम अल्कता खाऊन टाकतं (अल्कता म्हणजे आम्ल शमवण्याची पाण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). पाण्यात लिटरला २५ मिलिग्रॅम लोह असेल तर किमान ४५ मिलिग्रॅम अल्कता हवी. तेवढी असेल तर बाटलीतलं पाणी नारिंगी होईल, पण आम्लधर्मी होणार नाही. ती नसेल तर पीएच घसरतो. पाणथळ कोणत्या प्रकारचं बांधायचं ते याच हिशेबावर ठरतं.

पहिली पायरी : नमुना

एका ठिकाणी दोन बाटल्या भरा. एक ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून, विरघळलेल्या धातूंच्या तपासणीसाठी. दुसरी न गाळता, काठोकाठ भरून, बर्फात ठेवून. पीएच, तापमान, विरघळलेला प्राणवायू आणि अल्कता मात्र जागेवरच मोजा. अल्कतेचं टायट्रेशन किट पिशवीत मावतं. मी एकदा अल्कता प्रयोगशाळेत मोजू म्हणून नमुने तसेच गाडीत टाकले. गावी पोहोचेपर्यंत लोह बसलं, अल्कता खाल्ली गेली आणि अहवालात पाणी होतं त्याहून कितीतरी वाईट निघालं. त्या आकड्यांवर आराखडा बेतला असता तर गरजेपेक्षा दुप्पट खड्डा खणला गेला असता.

तपासणीत लोह (एकूण आणि फेरस वेगळं), ॲल्युमिनियम, मँगनीज, सल्फेट, अल्कता आणि आम्लता हवीच. जस्त-शिशाची खाण असेल तर जस्त, शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिकही पाहा.

आम्लता हातानेही काढता येते. फेरस लोहाचे मिलिग्रॅम गुणिले १.८, फेरिक लोहाचे गुणिले २.७, ॲल्युमिनियमचे गुणिले ५.६, मँगनीजचे गुणिले १.८, आणि शेवटी पीएचमुळे आलेला भाग. समजा पीएच ३.८, लोह ४० आणि तेही सगळं फेरस, ॲल्युमिनियम ८, मँगनीज ५. बेरीज सुमारे १३३ येते. त्यात पीएचचा वाटा फक्त ८ आहे, बाकी सगळं आम्ल धातूंच्या पोटात दडलेलं. केवळ पीएच पाहून पाण्याची पारख करणाऱ्याला हे १२५ दिसतच नाहीत.

नमुने वर्षभर, निदान दर महिन्याला घ्या. आपल्याकडे मे आणि ऑगस्टमधलं पाणी म्हणजे दोन वेगळी पाणी असतात. पहिल्या मोठ्या पावसात डंपवरचे, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावरचे, उन्हाळाभर साचलेले क्षार धुऊन येतात. तो आठवडा चुकवू नका.

दुसरी पायरी : प्रवाह

छोटा झरा असेल तर बादली आणि घड्याळ पुरतं. त्याहून मोठ्या प्रवाहाला ९० अंशाची व्ही खाच कापलेली पत्र्याची फळी लावा. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर जातात, २० सेंटिमीटर असेल तर जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाचपटीहून जास्त वाढतो. म्हणून पट्टीवर सेंटिमीटरभर चूक झाली तरी ती महागात पडते. उंची फळीला खेटून मोजू नका, थोडं मागे जाऊन मोजा. फळीजवळ पाणी खाली झुकलेलं असतं.

प्रवाहाला धातूंच्या प्रमाणाने गुणलं की दिवसाचा भार मिळतो. पाणथळाची मापं या भारावर ठरतात.

याच टप्प्यावर एक काम उरकून घ्या, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी. डंपभोवतीची गार्लंड ड्रेन (पावसाचं पाणी अडवून वळवणारा चर) नीट करा आणि पावसाचं स्वच्छ पाणी बाजूने काढून द्या. जे पाणी घाण झालेलंच नाही ते पाणथळात घेऊन शुद्ध करण्यात काय हशील?

तिसरी पायरी : कोणतं पाणथळ, की पाणथळच नको

अल्कता आम्लतेपेक्षा जास्त असेल तर काम सोपं. हवा द्या, गाळ बसू द्या, उथळ पाणथळातून फिरवा. याला आपण उघडं पाणथळ म्हणू.

आम्लता जास्त असेल तर आधी अल्कता घालावी लागते. पाण्यात प्राणवायू, फेरिक लोह आणि ॲल्युमिनियम या तिन्हींचं प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असेल, तर चुनखडीने भरलेला बंद चर जमिनीत पुरता येतो. पाणी हवा न लागता त्यातून सुमारे १५ तास गेलं की लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपासपर्यंत अल्कता मिळू शकते. ॲल्युमिनियम जास्त असेल तर हा विचार सोडून द्या, पांढरा लगदा चुनखडीच्या फटी बुजवून टाकतो. मग पाणी वरून खाली झिरपवणारा तलाव बांधायचा. वर पाणी, मध्ये शेणखताचा थर, तळाशी चुनखडी आणि तिच्यात छिद्रांचे पाइप. खताच्या थरात प्राणवायू संपतो, सल्फेट खाणारे जिवाणू कामाला लागतात आणि पाणी चुनखडीपर्यंत पोहोचतं तेव्हा दगडावर लोहाचा लेप बसत नाही.

जस्त, कॅडमियम, शिसं असेल तर याच जिवाणूंवर भिस्त. ते सल्फेटपासून सल्फाइड करतात आणि धातू काळा-करडा सल्फाइड होऊन खताच्या थरात अडकतो. हा थर एकदा कोरडा पडला की सल्फाइडला हवा लागते आणि अडकवलेलं सगळं परत सुटतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हे अगदी सहज होतं. म्हणून खताचा थर कायम पाण्याखाली राहील अशी सोय आराखड्यातच करा.

मँगनीज हट्टी असतं. लोह पाण्यात असेपर्यंत ते बसायला तयार होत नाही. त्यासाठी शेवटी चुनखडीच्या गिट्टीचा उथळ, उघडा वाफा ठेवतात. त्यावर शेवाळ धरलं की दगड काळे पडू लागतात. ते काळं म्हणजेच मँगनीज.

इथे आपल्याकडची वस्तुस्थिती सांगायला हवी. विदर्भातल्या गोंडवाना कोळशात गंधक साधारण कमी असतं, त्यामुळे अनेक खाणींचं पाणी आम्लधर्मी नसतंच. तिथे भांडण असतं गाळाशी, काठिण्याशी आणि सल्फेटशी. गाळासाठी सेटलिंग तलाव पुरतो आणि काठिण्यावर पाणथळ फारसं काही करू शकत नाही. गोव्याच्या लोहखनिजाचंही तेच. पावसाळ्यात शेतात येणारा लाल चिखल ही गाळाची गोष्ट आहे, त्यासाठी शेणखताचा तलाव बांधणं म्हणजे पैसा वाया. आम्लधर्मी पाण्याचा खरा त्रास पाहायचा तर मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांकडे किंवा आसामच्या माकुम कोळसापट्ट्याकडे बघावं. तिथल्या कोळशात गंधक भरपूर आहे.

पाणथळ कुठे कमी पडतं याचं उदाहरण इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं. व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली, पंप थांबले, पाणी भरत गेलं. जानेवारी १९९२ मध्ये एका जुन्या बोगद्याचं बूच फुटलं आणि धातूंनी भरलेलं नारिंगी पाणी कार्नन नदीतून फालच्या खाडीत उतरलं. नंतर तिथे पाणथळाचा मोठा प्रायोगिक प्रकल्प बांधला, वेगवेगळे कप्पे करून अनेक वर्षं मोजमाप केलं. शेवटी कायमचा उपाय म्हणून २००० साली चुना घालून धातू बसवणारा यांत्रिक प्रकल्पच उभारावा लागला. आम्लाचा आणि धातूंचा भार एवढा होता की पाणथळाला लागणारी सपाट जमीन त्या दरीत नव्हती. प्रयोग फुकट गेला असं मी म्हणणार नाही, पण डोंगराळ जागी मोठा प्रवाह असेल तर आधी जमीन मोजा.

चौथी पायरी : क्षेत्रफळ

अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधल्या हेडिन, नेर्न आणि क्लाइनमन यांनी १९९४ मध्ये दिलेले दर आजही पहिल्या अंदाजासाठी वापरले जातात. अल्कता पुरेशी असलेल्या पाण्यातून उघडं पाणथळ चौरस मीटरमागे दिवसाला १० ते २० ग्रॅम लोह काढतं. कायद्याची मर्यादा पाळायची असेल तर १० धरा, नुसती सुधारणा हवी असेल तर २०. मँगनीजसाठी हाच दर अर्धा ते एक ग्रॅम आहे, म्हणजे वीसपट जमीन.

गणित असं. प्रवाह सेकंदाला ५ लिटर, म्हणजे दिवसाला ४३२ घनमीटर. लोह लिटरला २५ मिलिग्रॅम. भार दिवसाला १०.८ किलो. भागिले १० ग्रॅम, म्हणजे १,०८० चौरस मीटर, साधारण पावणेअकरा गुंठे. त्याआधी गाळ बसण्याचा तलाव हवा. त्याचा ब्रिटनमध्ये रूढ असलेला ठोकताळा आहे सेकंदाच्या दर लिटरमागे १०० चौरस मीटर, म्हणजे आणखी पाच गुंठे. बांध, रस्ता, गाळ वाळवायची जागा धरली की अर्धा एकर सहज लागतो. सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि जमीन वनखात्याची तर नाही ना, हे आत्ताच बघा, खोदकाम सुरू झाल्यावर नको.

आम्लधर्मी पाण्याच्या झिरपत्या तलावासाठी चौरस मीटरमागे दिवसाला २५ ग्रॅम आम्लता धरतो. वरचं १३३ आम्लतेचं पाणी सेकंदाला २ लिटर येत असेल तर भार २३ किलो, क्षेत्रफळ सुमारे ९२० चौरस मीटर, नऊ गुंठे. चुनखडीचा हिशेब दोन भागांत करायचा. पाणी १४ तास दगडात राहील इतकी, अधिक वीस वर्षांत विरघळून जाईल तितकी. या उदाहरणात पहिला भाग ३३५ टनांच्या आसपास येतो आणि दुसरा, चुनखडी ९० टक्के शुद्ध धरून, १८५ टनांच्या आसपास. एवढ्या दगडाचा थर या क्षेत्रात ४० सेंटिमीटरही होत नाही. पाइप झाकून पाणी सारखं पसरायला मी किमान ६० सेंटिमीटर धरतो, म्हणजे जवळपास ८०० टन दगड.

पाचवी पायरी : बांधकाम

सुरुवात पायऱ्यांच्या धबधब्याने. १ मिलिग्रॅम प्राणवायू ७ मिलिग्रॅम फेरस लोहाला पुरतो आणि आपल्या तापमानात पाण्यात प्राणवायू राहतो जेमतेम ७-८ मिलिग्रॅम. म्हणजे एका धबधब्यातून सुमारे ५० मिलिग्रॅम लोहाची सोय होते. लोह त्याहून जास्त असेल तर तलाव, पुन्हा धबधबा, पुन्हा तलाव अशी साखळी करावी लागते.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमात टार क्रीकच्या खोऱ्यात अशी साखळी बघायला मिळते. शिशा-जस्ताच्या खाणी बंद पडल्यावर १९७९ मध्ये तिथे जमिनीतून पाणी उफाळायला लागलं. कॉमर्स गावाजवळच्या मेयर रँचवर २००८ च्या अखेरीस दहा घटकांची रचना सुरू झाली. लोहासाठी ऑक्सिडेशन तलाव, मग उथळ पाणथळं, मग जस्तासाठी कंपोस्टचे झिरपते तलाव, त्यानंतर पवनचक्की आणि सौरऊर्जेवर हवा देणारे तलाव, चुनखडीचे वाफे आणि शेवटी एक पाणथळ. कंपोस्टमधून निघालेल्या पाण्यात प्राणवायू नसतो आणि सडक्या अंड्याचा वास असतो. ते तसंच नाल्यात सोडलं तर मासे मरतात. हवेचे तलाव त्यासाठी आहेत. आपल्याकडच्या आराखड्यांतून नेमका हाच घटक खर्चात कपात म्हणून उडवला जातो.

तळाला काळी माती मिळते म्हणून खूश होऊ नका. ओली असताना ती पाणी धरते, पण वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. थराथराने दाबून घ्या आणि ती कायम ओली राहील याची खात्री नसेल तर जिओमेम्ब्रेन (पाणी न झिरपू देणारा प्लास्टिकचा जाड कागद) टाका. चुनखडी घेताना डोलोमाइट टाळा, ते फार हळू विरघळतं. वणी, गडचांदूर भागात सिमेंटच्या दर्जाची चुनखडी जवळच आहे, पण प्रत्येक खेपेची शुद्धता तपासा. गिट्टी ५० ते १०० मिलिमीटरची, धुतलेली. चुरी आली तर परत पाठवा.

खताच्या थरात नुसतं शेणखत घातलं तर ते वर्षभरात दबून घट्ट होतं आणि पाणी झिरपेनासं होतं. लाकडाच्या चिपा किंवा पऱ्हाट्यांचे तुकडे मिसळा. ते हळू कुजतात आणि फटी उघड्या ठेवतात. इंग्लंडमधल्या डरहॅम परगण्यात क्वेकिंग हाउसेस नावाचं छोटं गाव आहे. जुन्या कोळसाखाणीच्या डंपमधून येणाऱ्या पाण्याने गावचा ओढा नासला होता. गावकऱ्यांनी लावून धरलं, न्यूकॅसल विद्यापीठातले संशोधक सोबत आले आणि १९९७ मध्ये तिथे कंपोस्टचं पाणथळ उभं राहिलं. खाणीच्या पाण्यासाठी पूर्ण आकाराचं असं पाणथळ युरोपात पहिल्यांदाच होत होतं. साहित्य काय, तर घोड्याची लीद, गुरांचं शेण, शहरातलं कंपोस्ट आणि बांधासाठी औष्णिक केंद्राची राख. आपल्याकडे राखेचा बांध घालायचा झाला तर आधी तिच्यातून आम्लधर्मी पाण्यात काय सुटतं ते तपासून घ्या.

उघड्या पाणथळात पाण्याची खोली १५ ते ३० सेंटिमीटर. बांध मात्र त्यावर मीटरभर उंच ठेवा, कारण गाळ दरवर्षी चढत जातो. पाणी एका पाइपातून आत सोडू नका. पूर्ण रुंदीवरून सांडेल असा काठ करा, नाहीतर ते मधून सरळ रेघ मारून निघून जातं आणि दोन्ही बाजूंचं पाणथळ नुसतं बघत बसतं. लोहाचं पाणी शक्य तिथे उघड्या चरांतूनच न्या. पाइप आतून नारिंगी होत होत बुजतो, आणि तो कधी बुजला हे बांध फुटल्यावर कळतं. निचऱ्याच्या पाइपाला वर-खाली फिरणारा कोपर बसवा म्हणजे पातळी हाताने बदलता येते. आणि पूर आला तर पाणी बाजूने काढून देणारा सांडवा हवाच.

सहावी पायरी : आता झाडं

झाडं पाण्याचा वेग मोडतात, गाळ धरून ठेवतात, कुजून जिवाणूंना अन्न देतात आणि वाऱ्याने चिखल ढवळू देत नाहीत. या कामाला पाणकणीस सगळ्यांत भरवशाचं, त्याखालोखाल देवनळ. दोन्ही जवळच्याच नाल्यात मिळतात. बाहेरून रोपं आणायची गरज नाही. शक्यतो त्याच खाणीच्या पाण्यावर वाढलेले गड्डे घ्या, त्यांना सवय असते.

जूनच्या शेवटी, पहिल्या पावसानंतर चौरस मीटरला चार गड्डे लावा. चिखल ओला ठेवा, पण शेंडा बुडू देऊ नका. नवीन फूट हातभर झाली की पातळी थोडी थोडी वाढवा. पहिल्याच आठवड्यात पाणी पूर्ण सोडलं तर गड्डे कुजतात, आणि मग सगळे म्हणतात की इथे झाडं जगतच नाहीत.

कुंपण आधी, लागवड नंतर. एका ठिकाणी हा क्रम उलटा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर सहा म्हशी मधोमध डुंबत होत्या, कोवळी फूट खाऊन झाली होती आणि काठही ढासळला होता. गुराख्याला बोलण्यात अर्थ नव्हता. उन्हाळ्यात पाणी दिसल्यावर म्हशी आणखी कुठे जाणार? पाणी अजून शुद्ध झालेलं नसतं, त्यामुळे गुरांसाठीही ते धोक्याचंच. रानडुकरं गड्डे उकरतात, म्हणून तारांची खालची ओळ जमिनीलगत घ्या.

सातवी पायरी : सुरू करणं आणि सांभाळणं

खताचा तलाव पाण्याने भरा आणि आठवडा-दोन आठवडे तसाच थांबवून ठेवा, जिवाणूंना बस्तान बसवू द्या. नंतर प्रवाह हळूहळू वाढवा. पहिले काही आठवडे चहाच्या रंगाचं पाणी बाहेर पडेल. त्यात सेंद्रिय भार असतो, ते नाल्यात न सोडता परत फिरवा.

हायड्रोजन सल्फाइडला हलक्यात घेऊ नका. निचऱ्याच्या चेंबरमध्ये तो साचतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. चेंबरचं झाकण उघडून लगेच कुणालाही आत उतरवायचं नाही. आधी वायू तपासणारं यंत्र, मग दोरी, आणि वर दुसरा माणूस.

पाणी सोडायचं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. नदी-नाल्यात सोडण्याच्या सर्वसाधारण मानकांत लोह ३, मँगनीज २, जस्त ५ मिलिग्रॅम, तरंगते घन पदार्थ १०० मिलिग्रॅम आणि पीएच ५.५ ते ९ अशा मर्यादा आहेत. संमतीपत्रात त्याहून कडक अट असू शकते, ती वाचा.

दर आठवड्याला प्रवाह आणि पीएच, दर महिन्याला धातू, आत येताना आणि बाहेर जाताना दोन्हीकडे मोजा. तुलना भाराची करा. पावसाळ्यात पाणी मिसळून आकडे आपोआप चांगले दिसतात आणि मेमध्ये बाष्पीभवनाने उगाच वाईट दिसतात. झिरपत्या तलावावर पाण्याची पातळी महिन्यागणिक चढत असेल तर खताचा थर बुजत चालला आहे. पाणी उतरवून वरची नारिंगी साय खरवडून काढावी लागेल.

वरच्या उदाहरणात दिवसाला १०.८ किलो लोह म्हणजे वर्षाला सुमारे साडेसात टन कोरडा गाळ. ओला धरला तर तीसेक घनमीटर किंवा त्याहून जास्त. तो पाणथळात जाण्याआधी पहिल्या तलावातच जितका अडवाल तितकं बरं, कारण तलावात पोकलेन उतरतो, पाणकणसात उतरवता येत नाही. तलाव दोन करा, म्हणजे एक रिकामा करताना दुसरा चालू राहील. उपसा फेब्रुवारीत करा. वाळवण्याच्या वाफ्यावर गाळ मेपर्यंत भेगाळून कोरडा होतो. मग त्याचा नमुना तपासा. नुसतं लोह असेल तर रंगद्रव्याला किंवा विटांना घेणारं कुणी मिळू शकतं. आर्सेनिक किंवा कॅडमियम निघालं तर तो घातक कचरा, आणि त्याची वाट अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच जाते. ७ जूनच्या आत वाफा रिकामा झालेला हवा.